तीन टाक्या एका रेषेत

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरली म्हणाली, "आजी, अभ्यास आणि बास्केटबॉल यांच्यात माझा इक्विलिब्रियम पार बिघडलाय." मी हसले. तिला राग आला, आणि धाकट्यानं विचारलं, "आजी, यात हसण्यासारखं काय आहे?" पाच मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून ही पानं. अक्षर मोठं काढते आहे. अडेल तिथं आई वाचून दाखवेल.

आधी शब्द. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला, तेव्हा अर्थ सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. हा शब्द लॅटिनमधून आला. समान आणि तराजू, असे त्याचे दोन तुकडे. दोन्ही पारडी एका उंचीवर येऊन काटा हलायचा थांबला की त्या अवस्थेला इक्विलिब्रियम म्हणायचं. आपण समतोल म्हणतो. बाजाराचा असतो, मनाचा असतो, सायकल चालवणाऱ्याचा असतो. शब्दात काही खोट नाही. मात्र तो फक्त एवढंच सांगतो की काटा थांबला आहे. पारड्यात कुणी काय टाकलं, कुणी काय काढून नेलं, ते तो सांगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मला हा शब्द नकोसा केला तो आमच्या लातूरच्या घरमालकांनी. नाव लिहीत नाही. त्यांचीही नातवंडं परदेशात आहेत, आणि नातवंडांनी आजोबांबद्दल काय काय वाचावं यालाही मर्यादा असते.

ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा यांच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात, त्या बिंदूला इक्विलिब्रियम म्हणतात. ही एक आकृती त्यांनी आयुष्यभर शिकवली आणि निवृत्त झाल्यावर त्यांचा हात काही तिच्यापासून सुटेना. वर्तमानपत्राच्या कडेला, कॅलेंडरवर, माझ्या स्कुटीच्या सीटवरच्या धुळीत, एकदा तर एका बारशाच्या पंगतीत ताटातल्या घट्ट वरणावर चमच्याच्या दांड्यानं ते दोन रेघा ओढायचे. फुली झाली की मध्यावर ठिपका. मग मान वर करून म्हणायचे, "इथं. सगळं शेवटी इथं येऊन थांबतं." पुढं काही ऐकायला मिळेल म्हणून माणूस थांबायचा. पुढं काहीच नसायचं.

बाजारात जाताना त्यांच्या दोन हातांत दोन पिशव्या असत. उजव्या पिशवीत वांगी, डाव्या पिशवीत अर्धी वीट. ही वीट त्यांनी किराणा दुकानातून वजन करून घेतली होती. एकाच हातात ओझं घेतलं की मणक्याचा समतोल जातो, असं त्यांचं मत. घरी आलं की वांगी स्वयंपाकघरात जात आणि वीट जिन्याखालच्या कोनाड्यात. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणायचो, एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "त्या विटेच्या जागी दोन किलो कांदे आणले तर न्हाई का जमत?"

"कांदे खर्च होतात," सर म्हणाले. "दुसऱ्या बाजूला स्थिर राशी पाहिजे."

"मग मला घेऊन चला. मी हाय की स्थिर. चाळीस वर्षं झाली, हालले न्हाई."

सरांना विनोद कळत नसे. ते विचार करून म्हणाले, "तुझं वजन जास्त होईल." आणि त्या विटेनं पुढंही इतकं लातूर पाहिलं की तेवढं मी पाहिलं नाही.

कुणाचं भांडण झालं की सर मध्ये उभे. मध्ये म्हणजे अक्षरशः मध्ये, पावलं मोजून. आमच्या आधीच्या शेजारणीचं आणि माझं गच्चीवरच्या दोरीवरून वाजलं होतं. कपडे आधी कुणी वाळत घालायचे एवढाच प्रश्न. पहाटेचा वेळ तिला दिला असता आणि दुपारचा मला, तर तो मिटला असता. सरांनी दोन्ही बाजू ऐकल्या, टेप आणली, दोरी मोजली आणि मधोमध कापली. आता प्रत्येकीकडे अर्धी दोरी. अर्ध्या दोरीवर साडी वाळत नाही. तिची वाळेना, माझीही वाळेना. सर म्हणाले, "आता कुणाचीच तक्रार राहिली नाही." ते खरं होतं. आम्ही दोघी कपडे खोलीत पंख्याखाली वाळवत होतो, तक्रार करायला गच्चीवर जाणार कोण.

याहून वाईट म्हणजे शोकसभा. कॉलनीतले एक मास्तर गेले. चांगला माणूस. सर बोलायला उभे राहिले आणि मास्तरांचा एक गुण सांगून झाला की लगेच एक दोष सांगू लागले. वेळेवर यायचे, पण चहा फुकटचा प्यायचे. मुलांना जीव लावायचे, पण घरात बोलायचे नाहीत. असे सहा गुण आणि सहा दोष. मास्तरांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. खाली बसताना सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "समतोल झालं ना?" तुमचे आजोबा पलीकडून म्हणाले, "सर, माझ्या वेळी तुम्ही गावाला जा." आजोबा गेले तेव्हा सर गावातच होते. पण मी त्यांना बोलू दिलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. सरांच्या प्रत्येक समतोलात दुसरं कुणीतरी सरकायचं. ते स्वतः जिथं असत तिथंच असत.

आता सिस्टर. वरच्या मजल्यावर आमच्या समोरच्या बिऱ्हाडात त्या सरांच्या भाडेकरू म्हणून राहायला आल्या, सरकारी दवाखान्यात नर्स. उमरीकडच्या. नवरा एस.टी.त कंडक्टर, आठवड्यातून दोनदा घरी. एक मुलगी, बारावीत. लातूरला घर करण्याचं कारण ती मुलगीच. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आमच्या गल्लीच्या टोकाला होता, आणि तो मिळावा म्हणून सिस्टरनी बदली मागून घेतली होती. त्यांच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली मुलीचं वेळापत्रक. वेळापत्रक माझ्याहून चांगलं आखलेलं होतं, आणि मी असं सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

लातूरच्या पाण्याबद्दल तुम्हाला आईनं सांगितलं असेल. नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तो आला की जो तो आपापली टाकी भरून घेतो, आणि उन्हाळ्यात तेही पुरत नाही, मग टँकर. पिण्यासाठी जारचं पाणी, बाकी सगळं टाकीचं. आमची आणि सिस्टरची अशा दोन काळ्या टाक्या वर गच्चीवर होत्या. सर तळमजल्यावर राहत, त्यांची टाकी खाली पोर्चच्या स्लॅबवर, आणि ती भरली की येणारं पाणी आपोआप थांबवणारा तरंगता गोळा तिच्यात होता.

एका हिवाळ्यात सरांनी आम्हा दोघींना खाली बोलावलं आणि आलेखाचा कागद पुढं केला. त्यावर तीन चौकोन आखले होते, एका सरळ रेषेत, आणि तिघांना जोडणारी एक आडवी नळी.

"एकाकडे पाणी भरलेलं, दुसऱ्याकडे खडखडाट, ही विषमता आहे," ते म्हणाले. "तिन्ही टाक्या जोडायच्या. ज्याच्याकडे जास्त आहे ते ज्याच्याकडे कमी आहे तिकडं जाईल. आपोआप. कुणी कुणाला मागायला नको." आणि कागदावर फुली, फुलीत ठिपका.

मला ती कल्पना आवडली होती. कबूल करते. मी आलेखाचा कागद पाहिला की माझा विश्वास बसतो.

नळकाम करायला चाचा आले. आमच्या भागात तीन पिढ्या नळकाम करणारं त्यांचं घर, आणि लातूरच्या कुठल्या भिंतीत कुठली नळी आहे हे नगरपालिकेपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. कागद बघून त्यांनी मान वर करून गच्चीकडं पाहिलं. मग म्हणाले, "सर, गुस्सा नका करू. पण ह्या दोन टाक्या वर हायत, आन तुमची खाली. कागदावर तिन्ही एका लायनीत काढल्या तुम्ही."

"कागदावर तत्त्व दाखवलंय. उंची नाही."

"पाण्याला तत्त्व न्हाई कळत सर. उतार कळतो. समदं तुमच्याकडंच येईंगा. मधी एक व्हॉल्व टाकू का?"

"व्हॉल्व म्हणजे अविश्वास," सर म्हणाले. "तू तुझं काम कर. इक्विलिब्रियम मी बघतो."

चाचांनी काम केलं. जाताना जिन्यात मला म्हणाले, "मॅडम, टाकीवर नजर ठेवा." मला वाटलं, मिस्त्री लोकांना प्रत्येक कामात व्हॉल्व घुसवायची सवयच असते. हे माझं शहाणपण.

मार्च लागला तसं पाणी पुरेना. सिस्टरची टाकी भरली की चार दिवसांत तळाला जायची. माझीही लवकर संपू लागली, पण आम्ही दोनच माणसं, टाकी मोठी, त्यामुळं जाणवायला वेळ लागला. सरांची टाकी मात्र कायम काठोकाठ. ते आम्हाला पोर्चमध्ये उभं करून टाकी दाखवायचे. "बघा. एका बादलीत आंघोळ. भांडी राखेनं. शिस्त असली की उन्हाळा जाणवत नाही." तांब्याभर पाण्यात दाढी कशी करावी यावर त्यांनी कॉलनीच्या वाचनालयात भाषणही दिलं.

सिस्टर टँकर मागवत राहिल्या. एका सकाळी सर मला जिन्याच्या तोंडाशी भेटले. सिस्टर ड्यूटीवर गेल्यात असं आम्ही दोघं समजत होतो.

"मॅडम, वरचं पाणी कुठं जातं ते तुमच्या लक्षात आलं असेल," ते म्हणाले.

"रोजचा युनिफॉर्म धुवावा लागतो त्यांना," मी म्हटलं.

"तेवढंच नाही. ह्यांच्यात पाणी जपायची सवय नसते. पिढ्यान्‌पिढ्या मिळालंच नाही, मग मिळालं की उधळतात. त्यांचा दोष नाही. हा सामाजिक इक्विलिब्रियम आहे, इकडून दाबलं की तिकडून उसळतं."

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. पाठ्यपुस्तक वाचावं तसं ते बोलले. आणि मी, जी विद्यार्थ्यांच्या निबंधात एक क्रियापद चुकलं तरी लाल शाईनं गोल करायची, ती मी गप्प बसले. घरमालकाशी वाईटपणा नको, त्या घरात बारा वर्षं काढल्यावर नवं घर शोधणं नको. माझाही काटा असा मध्यावर थांबलेला होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना चिठ्ठी मिळाली. एक महिन्यात घर सोडावं, इमारतीचा समतोल बिघडत आहे.

मेडिकलची परीक्षा मे महिन्यात होती. महिन्यात घर सोडायचं म्हणजे एप्रिलमध्ये, क्लासच्या शेवटच्या उजळणीत, मुलीला घेऊन लातूरभर फिरायचं. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या शहरात नर्सला, आणि त्या नर्सला, घर किती लवकर मिळालं असतं हे सांगायला नको. सिस्टर माझ्याकडं चिठ्ठी घेऊन आल्या. "मॅडम, तुम्ही बघता की. मी कुठं पाणी सांडून राहिले? पोरगी केससुद्धा आठवड्यातून एकदा धुती."

"मी बोलते सरांशी," मी म्हटलं. चार दिवस बोलले नाही.

मग सिस्टरना दोन दिवस उमरीला जावं लागलं, त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुलीलाही बरोबर नेलं. जायच्या आधी त्यांनी टँकरनं टाकी भरली आणि घराला कुलूप लावलं. त्या दिवशी मी चाचांचं बोलणं आठवून एक काम केलं, जे मी हिवाळ्यातच करायला हवं होतं. तुमच्या आईची शाळेतली लाकडी मोजपट्टी एका काठीला बांधली आणि त्यांच्या टाकीत सोडून ओली खूण पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिली. तिसऱ्या दिवशी पाहिली. कुलूपबंद घराची टाकी दोन दिवसांत दीड वीत उतरली होती.

मी काठी घेऊन तशीच खाली गेले.

"बाष्पीभवन," सर म्हणाले.

"टाकीला झाकण आहे, सर."

"बाष्पीभवनाला झाकण कळत नाही."

या वाक्यावर वाद घालता येत नाही, कारण ते कुठूनच धरता येत नाही. मी वर आले. सिस्टर परतल्यावर त्यांना खुणा दाखवल्या. त्यांनी काठीकडं पाहिलं, मग गच्चीच्या कठड्यावरून खाली पोर्चवरच्या टाकीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "विहिरीत टाकतेत ती लाल दवा हाय माझ्याकडं. टाकू का?"

लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. जांभळे खडे असतात, पाणी त्यानं गुलाबी होतं. गावाकडं विहीर शुद्ध करायला टाकतात.

"कुणाला बाधणार नाही ना?" मी विचारलं.

"पिण्याचं जारचं हाय सगळ्यांचं. आन एवढ्यानं काय होत न्हाई, मी नर्स हाय मॅडम." त्यांनी खडे चिमटीत मोजून घेतले, औषध मोजावं तसे, आणि आपल्या टाकीत सोडले. नळ बंद ठेवले. मग आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता आणि सर प्रमुख पाहुणे होते. सरांचा पोशाख कायम पांढराशुभ्र. काकूंनी शर्ट आणि लेंगा आदल्या दुपारपासून बादलीत भिजवून रात्री वाळत टाकला होता. सकाळी आठला सर पोर्चमध्ये आले तेव्हा शर्टाचा रंग कांद्याच्या सालीसारखा झालेला होता. पांढऱ्या मिशीलाही बदामी छटा होती, कारण त्यांनी तोंडही त्याच पाण्यानं धुतलं होतं. हातात बादली. बादलीत स्वच्छ गुलाबी पाणी.

सिस्टर ड्यूटीला निघाल्या होत्या. मी जिन्यात. मुलगी वरच्या गॅलरीत पुस्तक घेऊन.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"पाणी हाय, सर," सिस्टर म्हणाल्या.

"ते मला दिसतंय. कुठलं?"

"माझं हाय. लाल दवा मीच टाकली, काल सकाळी, माझ्या टाकीत. ती तुमच्या बादलीत कशी आली ते तुम्ही सांगा."

मला वाटलं, आता हा माणूस शरमेल. निदान घसा खाकरेल. सरांनी बादली खाली ठेवली, माझ्या स्कुटीच्या सीटवर बोटानं फुली काढली, फुलीत ठिपका दिला.

"सिस्टर, भावनेच्या भरात जाऊ नका," ते म्हणाले. "पाण्यानं आपला इक्विलिब्रियम शोधला. यात मी नाही, तुम्ही नाही. हा निसर्ग आहे."

वरून मुलगी म्हणाली, "निसर्ग बरोबर तुमच्याच पोर्चवर का म्हणून राहातो, सर?"

सिस्टरनी वर बघून तिला डोळ्यांनी दटावलं. सर त्या प्रश्नाकडं लक्ष न देता पुढं बोलू लागले. "आता मधला मार्ग काढू. मी एक महिन्याची मुदत दिली होती, ती दोन महिन्यांची करतो. तुम्ही माझ्या शर्टाबद्दल माफी मागा. दोघांनीही थोडं थोडं सरकायचं."

दोन महिने म्हणजे नेमका परीक्षेचा आठवडा. आणि पाणी ज्याचं गेलं त्यानं माफी मागायची, ज्यानं नेलं त्यानं मोठ्या मनानं कॅलेंडरचं एक पान उलटायचं, याच्या बरोबर मध्ये सरांचा ठिपका होता. दोरी मधोमध कापणारा माणूस हाच.

"माफी न्हाई मागणार," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "घर सोडीन. माफी न्हाई."

तेव्हा मी बोलले. उशिरा, पण बोलले. "सर, चिठ्ठी दोघींना द्या. माझी टाकीही तुमच्याच पोर्चवर उतरते. आणि जिन्यात मला जे सांगितलंत ते आज वाचनालयात माइकवर सांगा, मी पहिल्या रांगेत बसते."

सर माझ्याकडं असं बघू लागले की जणू विटेनं तोंड उघडलं. आणि त्याच वेळी काकू बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"चाचाला फोन केलाय मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही नळ्यांना व्हॉल्व बसतील आज. आन पोरीची परीक्षा होईस्तोवर ह्या घरातून कुणी जाणार न्हाई."

"अगं, पण हा निर्णय एकतर्फी..."

"घर माझ्या बापानं मला दिलंय. एकतर्फीच हाय ते. तुम्ही आत चला, शर्ट काढा. लोक विचारतेल, होळी झाली की कवाच."

चाचांनी दुपारी व्हॉल्व बसवले. काम करताना ते शिट्टी वाजवत होते. सरांची टाकी तिसऱ्या दिवशी रिकामी झाली आणि शिस्तीवरची भाषणं चौथ्या दिवशी बंद पडली. ते कधी चुकलो म्हणाले नाहीत. आलेखाचा तो कागद पुढं कित्येक महिने त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता, तिन्ही चौकोन एका रेषेत.

मुलीची परीक्षा त्याच घरात राहून झाली. पेपर रविवारी होता, आणि पुढच्या शनिवारी सिस्टरनी घर सोडलं. मी समजावलं. आता पाणी आहे, काकू आहेत, सर काही बोलत नाहीत.

"हाव मॅडम, पाणी हाय," त्या चादरीची घडी घालत म्हणाल्या. "पण जिना उतरताना रोज ते वाक्य ऐकू येतंय. ह्यांच्यात सवय नसते. त्या दिवशी मी घरातच होते, चप्पल घालून राहिले होते दाराशी. तुम्ही खाली होता ते पण माहीत हाय मला."

मी चादरीची दुसरी बाजू धरली आणि घडी घालायला मदत केली.

त्यांनी टाकीसुद्धा टेम्पोत घालून नेली. गच्चीवर तिचा गोल डाग राहिला. सर वर आले, डागाकडं बघून म्हणाले, "एका बाजूचा भार गेला, स्लॅबचा समतोल बिघडला." आणि दुसऱ्या दिवशी त्या डागाच्या बरोबर मध्यावर अर्धी वीट ठेवलेली दिसली. शेकडो लिटर पाण्याच्या जागी अर्धी वीट. आठवडाभरानं बाजाराला जायला ती त्यांनी परत काढून नेली.

यानंतर बरीच वर्षं गेली. सिस्टरची मुलगी नांदेडला डॉक्टरकी शिकून बाहेर पडली. मीही ते घर सोडून या घरी आले. गेल्या पावसाळ्यानंतर कळलं की सर पडले. जिन्यावरून, हातात दोन्ही पिशव्या असताना. वीट धड आहे, मांडीचं हाड मोडलं. काकू आता नाहीत, मुलगा परदेशात, खाजगी दवाखान्यात नेणारं कुणी नव्हतं, म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. मी मऊ खिचडी करून नेली. राग वेगळा आणि खिचडी वेगळी.

त्या वॉर्डच्या इन्चार्ज आमच्या सिस्टरच निघाल्या. केस अर्धे पांढरे झालेले, बाकी तशाच. मला बघून हसल्या, खुर्ची पुढं केली. सरांच्या हाताला सलाइन लावलेलं होतं आणि कॉटजवळ त्यांचे दोन जुने विद्यार्थी उभे होते. सर त्यांना सिस्टरकडं बोट करून सांगत होते, "ही माझी भाडेकरू होती. अडचणीच्या काळात मी हिला घर दिलं. आज ही माझी सेवा करते. बघा, कसं सगळं इक्विलिब्रियमला येतं." आणि ते सलाइनच्या हातानं चादरीवर फुली काढू लागले.

"हात हालवू नका, सर. सुई निघंल," सिस्टर म्हणाल्या.

"ही बाटली इतकी उंच कशाला टांगली आहे?" सर कुरकुरले. "थंड वाटतं. जोरात येतं. जरा माझ्या पातळीवर आणा."

मला वाटलं, आता सिस्टर काहीतरी बोलतील. इतक्या वर्षांचं. त्या स्टँडकडं वळल्या. सुई नीट बसली आहे का हे बघायला नर्स एक गोष्ट करतात, तीच त्यांनी केली. स्टँडवरची बाटली काढली आणि कॉटच्या कडेला, सरांच्या हाताच्या खाली धरली. थेंब पडायचे थांबले. क्षणभर काही झालं नाही. मग नळीत सुईच्या बाजूनं एक लाल धागा वर सरकू लागला.

सर बघत होते. विद्यार्थीही बघत होते.

"हे उलटं का येतंय?" सर म्हणाले.

"तुम्ही वर झाले, बाटली खाली झाली."

"मग माझं रक्त..."

"हाव सर. तुमचंच हाय. बाटलीत जातंय."

त्यांनी धाग्याकडं पाहिलं, मग सिस्टरच्या हातातल्या बाटलीकडं. चादरीवरचं बोट उचललं गेलं नाही.

"वर करा," ते हळू आवाजात म्हणाले. "वरच राहू द्या."

सिस्टरनी बाटली स्टँडला टांगली, थेंब सुरू झाले ते मोजले, तक्त्यावर वेळ लिहिली आणि शेजारच्या कॉटकडं गेल्या.